टेबलाखालचा माणूस

वूच शहरात, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर
माझं गोदाम आहे. भाड्याने देतो:
डायलचे फोन, चेपलेल्या किटल्या, साखरेची कुपनं
आणि एकोणीस घरगुती संगणक,
ज्यांतले सात चालतात.
मालिकावाले येतात. त्यांना सत्त्याऐंशी साल हवं असतं,
तेही गुरुवारपर्यंत.

या खेपेची दिग्दर्शिका कोर्नेलिया.
म्हणाली, अक्षरं हिरवी हवीत.
मी म्हणालो, याची काळी असतात, पांढऱ्यावर.
म्हणाली, लोकांना हिरवी आठवतात.
मी हिरवी केली.
भाडं भरणाऱ्याच्या आठवणीशी
मी वाद घालत नाही.

नट तिमोन, जन्म दोन हजार दोनचा,
रबरी बटणांवर पियानोसारखी बोटं नाचवतो.
त्याच्या पुढ्यातला संगणक आतून रिकामा, नुसतं कवच.
खरा माझ्या मांडीवर,
आणि मी टेबलाखाली, गुडघे हनुवटीला,
वायर त्याच्या बुटामागून वर गेलेली.
तो बोट आपटतो, मी बटण दाबतो.
कळसूत्रीच, पण बाहुली वर
आणि दोऱ्या ओढणारा खाली.

पटकथेत तो चार सेकंदांत
मंत्रालयाचं कुलूप उघडतो.
चार सेकंद!
तेवढ्यात आमच्या कॅसेटची फीतसुद्धा ताणून बसत नसे.

शनिवारी रात्री रेडिओवरचा माणूस म्हणायचा, तयार राहा,
आणि मग पाच मिनिटं नुसती किरकिर,
जणू पत्र्यावर कुणी वाळू चाळतंय.
तो प्रोग्रॅम असायचा.
मी आणि वरच्या मजल्यावरचा बोगुश
रेडिओच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर धरून
श्वास रोखून बसायचो.
दाराच्या फटीत टॉवेल.
मग ती कॅसेट संगणकाला ऐकवायची,
पडद्याच्या कडेने निळ्या-पिवळ्या रेघा पळायच्या,
आणि बहुतेक वेळा शेवटी
काहीच व्हायचं नाही.

सगळी सोंगं आणता येतात, म्हणे,
पैशाचं तेवढं येत नाही.
तीस वर्षं सोंगंच भाड्याने देतोय मी.
पैशाचं येतं, खोट्या नोटांची बंडलं चौथ्या फळीवर आहेत.
वाट पाहण्याचं येत नाही.

ध्वनीवाल्याला खरी किरकिर हवी होती.
मी तीच कॅसेट लावली, लेबल बोगुशच्या अक्षरातलं.
तिमोन वर बोटं आपटतोय,
रेघा पळतायत,
सगळे चूप,
आणि दोन मिनिटं अठरा सेकंदांवर
किरकिरीच्या मधोमध, टॉवेलला न जुमानता,
आईचा आवाज:
झेनेक, सूप गार होतंय.

मशीन तिथेच अडलं.
तेव्हाही तिथेच अडायचं.
टेप लोडिंग एरर.
आईचं ते वाक्य त्याला कधी वाचता आलं नाही,
आणि तेव्हा मी तिच्यावर केवढा ओरडलो होतो,
आठवडाभर थांब आता, तुझ्या सुपापायी!

कोर्नेलियाने कट म्हटलं.
विचारलं, कोण बोललं?
टेबलाखालून मी म्हणालो, जुनी कॅसेट आहे,
काहीबाही भरलेलं असतं.
ती म्हणाली, हरकत नाही, यावर बीप-बीप टाकू.

टाकलं. परवा दाखवला तो भाग.
चार सेकंद, हिरवी अक्षरं, कुलूप उघडलं.
बोगुशचा फोन आला लिव्हरपूलहून,
अरे, आपला वाटतो तो, 'एस'वर जळकं आहे ना?
आपलाच, म्हणालो.
बाकीचं नाही सांगितलं. त्याच्याकडे उशीर झाला होता.

पावती फाडली ती अशी:
संगणक, नग एक, स्थिती चालू.
रिकामं कवच, नग एक.
टेबलाखालचा माणूस, दिवस दोन.
कॅसेट धरलेली नाही.